अर्नीचा फोटो

शनिवार, ९ ऑक्टोबर १९७६. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. चर्चच्या सभागृहातील लांब टेबलावर सत्तावीस विमाने.

सत्तावीसही एकाच विमानाच्या प्रतिकृती होत्या. १९४० च्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या धावपट्टीवर उभे असलेले ते हरिकेन लढाऊ विमान. पाठीवर हिरव्या आणि मातकट रंगाचे नागमोडी पट्टे. प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या क्लबच्या चषकासाठी दरवर्षी तेच विमान रंगवायचे, असा तिथला शिरस्ता होता.

परीक्षक रेजिनल्ड मॉल्टबी यांनी तंत्रविद्यालयात एकतीस वर्षे यंत्रचित्रकला शिकवली होती. स्वतः काढलेला रंगाचा आराखडा हाती धरून ते एकेका विमानापुढे थांबत, पट्टी लावत, कानामागची पेन्सिल काढून गुण लिहीत. सव्वीस विमाने आराखड्याशी जुळली. सत्ताविसावे म्हणजे त्याचे आरशातील प्रतिबिंब होते. डाव्या पंखावर हवा तो हिरवा पट्टा उजव्या पंखावर, उजवीकडचा डावीकडे.

"लेन, हे कुणाचं?"

चिटणीस लेन डाउज मनुकांचा पाव कापत होता. "स्टॅनिलँडबाईंचं. नवरा गेला, तशा लीड्सहून इथं राहायला आल्या. पण हात बघा मास्तर! तुमच्या-माझ्या बापाला जमायचं नाही."

मॉल्टबींनी भिंग धरले. दोष काढायला जागा नव्हती. रंगाची कड कुठेही हललेली नव्हती. विमानाशेजारी प्रत्येकाप्रमाणे बाईंनीही बोटभर उंचीचा रंगाऱ्याचा पुतळा उभा केला होता. फक्त त्याला मिशी नव्हती.

एरवी मॉल्टबी वीस गुण कापून पुढे सरकले असते. पण सोमवारी जुन्या विमानतळाच्या फाटकापाशी खरेखुरे, पूर्ण आकाराचे हरिकेन रंगवायला घेणार होते, आणि रंगाऱ्यांच्या हाती त्यांचाच आराखडा जाणार होता. एवढा सरावलेला हात नेमकी हीच चूक करतो कशी, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी बाईंना बोलावून घेतले.

डोरीन स्टॅनिलँड आल्या. एका हातावर कोट, दुसऱ्या हातात चहाचा कप.

"बाई, रंगकाम कुठं शिकलात?"

"थोडं मोठं काम केलंय पूर्वी."

"घरं?"

"तसंच काहीतरी."

"मग पट्टे उलटे कसे आले? फोटो पाहून रंगवलंत ना?"

"फोटो मी आजच पाहणार आहे. ते विमान पाहिलं होतं. जवळून."

"छत्तीस वर्षांत आठवण डावं-उजवं विसरते, बाई," मॉल्टबी मऊपणे म्हणाले आणि त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले.

त्या विमानाचा एवढाच फोटो उरला होता. हँगरच्या छपरावरून काढलेला. नाक, शेपूट आणि अंगावरची अक्षरे ताडपत्रीखाली. उघडे होते ते फक्त पंख. पंखाशी रंगाचा डबा घेऊन कोणी उभे होते. टोपी कपाळापर्यंत, मफलर नाकापर्यंत.

"कारखान्यात तेव्हा दोन नमुने चालत. एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. या विमानाचा कोणता, हे सांगायला हा एकच साक्षीदार. पण हा फोटो उलटा छापलाय. वीस वर्षांपूर्वी माझ्याच लक्षात आलं ते."

"ते कसं?"

"आमच्या अर्नीवरून." त्यांनी पेन्सिलीचे टोक रंगाऱ्याच्या छातीवर टेकवले. "याचा कोट पाहा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. इथं उजवी डावीवर आलीय. म्हणजे निगेटिव्हची काच उलटी धरून छापलंय. मी फोटोतलं डावं-उजवं उलटवलं आणि मग आराखडा काढला."

"नुसत्या कोटावरून?"

"माणूस खोटं बोलेल बाई, कोट बोलत नाही. आणि हे वरून दुसरं बटण पाहा. बाकीची काळी, हे एकटं पांढरं. घाईत शिवलेलं. त्याला मी एक गुण ठेवलाय."

पाव चघळत लेन म्हणाला, "मास्तरांनी अर्नीची बटणं मोजलीत. स्वतःच्या बायकोची कधी मोजली नसतील."

बाई हसल्या. "अर्नी हे नाव कुठं सापडलं?"

"आम्हीच ठेवलं. मिशीसुद्धा आमचीच देणगी."

"शोभते," बाई म्हणाल्या. त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "मला किती गुण?"

"पट्टे उलटे, वजा वीस. मिशी नाही, वजा दोन. अठ्ठ्याहत्तर. वाईट वाटून घेऊ नका. हात सोन्याचा आहे तुमचा."

"वाईट नाही वाटलं. फाटकापाशी त्या विमानाला कधी हात लावणार?"

"सोमवारी, आठ वाजता."

"मग अजून वेळ आहे," असे म्हणून त्यांनी कप लेनच्या हाती दिला आणि हातावरचा कोट झटकला. कोपरांना ठिगळे असलेला जाड लोकरीचा कोट होता तो.

"बाई, हा कोट त्या विमानाइतका म्हातारा दिसतो," लेन म्हणाला.

"तेवढाच आहे. पण लोकर चांगली आहे, टाकवत नाही."

त्यांनी कोट अंगात चढवला आणि सावकाश, खालून वर, एकेक बटण लावायला घेतले. मॉल्टबी सवयीने पाहत होते. बायकांच्या कोटाची येते तशी उजवी बाजू डावीवर आली. पहिले बटण काळे. मग काळे, काळे. वरून दुसरे बटण पांढरे होते.

मॉल्टबींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. मग बाईंकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"लेन," ते म्हणाले, "सोमवारच्या रंगाऱ्यांना फोन लाव. थांबा म्हणावं."

त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला, कानामागची पेन्सिल काढली आणि सर्व गुण खोडून खाली एकच ओळ लिहिली.

बरोबर : १. चूक : २६.