लूनचा डावा पाय

“वल्हं उचल. पाणी वाजतंय,” आर्व्हिड पुटपुटला.

लेम्पीने दोन्ही वल्ही उचलून मांडीवर आडवी धरली. नाव आपसूक थोडी पुढे सरकली आणि थांबली. तिच्या पाठीमागे, दगड फेकला तर पडेल इतक्या अंतरावर, लून पक्ष्यांची जोडी पाण्यावर बसली होती. लेम्पीने वळून पाहिलं नाही. वळलं की नाव डुलते, नाव डुलली की लून बुडी मारतो आणि थेट पलीकडच्या बेटापाशी वर येतो, हे दोघांनाही आता पाठ झालं होतं.

“दोन्ही आहेत?” तिने विचारलं.

“आहेत. मादी अलीकडे आहे. बोलू नकोस.”

खरं तर आर्व्हिडला पक्ष्यांचं वेड कधीच नव्हतं. त्याची उभी हयात लाकडाच्या गिरणीत गेली. म्हातारपणी त्याने कॅमेरा हातात धरला तो लेम्पीपायी.

लेम्पीचा नवरा रुडी त्याचा जिवाभावाचा मित्र. अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला पक्ष्यांचा अभ्यास करणारी मंडळी आली, तेव्हा रुडीनेच त्यांना आपली नाव दिली होती. या तळ्यावरच्या मादीला त्याने स्वतः मांडीवर दाबून धरलं आणि त्यांनी तिच्या डाव्या पायात ओळखीची दोन कडी घातली, एक लाल, एक पांढरं. पुढे रुडी भेटेल त्याला सांगायचा, “माझी लाल-पांढरी आली बरं का! लून जोडीदार बदलत नाही, माणसासारखा नाही तो.” मग एका हिवाळ्यात रुडी गेला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मे महिन्यात, लेम्पीच्या स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता आर्व्हिडने विषय काढला. गोड बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“दोन घरं, दोन शेगड्या. अर्धं वर्ष दोन्हीकडे लाकूड जाळायचं. एकीत भागेल.”

वेलदोड्याचा पाव कापता कापता लेम्पीची सुरी थांबली. खिडकीतून तळं दिसत होतं. बर्फ नुकताच वितळला होता आणि लून परतले होते.

“ती मादी रुडीचीच असेल, तर मीही आहे तिथेच बरी,” ती सावकाश म्हणाली. “दुसरी निघाली, तर सामान बांधते. मला तिचा पाय दाखव.”

“हात्तिच्या! आज संध्याकाळी दाखवतो,” आर्व्हिड म्हणाला होता.

त्याला तिसरा उन्हाळा चालू होता.

लूनचे पाय शरीराच्या पार मागे असतात. त्याला धड चालताही येत नाही, त्यामुळे घरट्यापुरताच तो किनाऱ्यावर येतो. एरवी पाय पाण्याखाली. कधीतरी लहर लागली तर एक पाय वर काढून झटकतो आणि लगेच पंखाखाली घालतो. तोही बहुतेक वेळा उजवा.

“मिळाला का पाय?” गळ आणि आमिषं विकणारा वेंडेल त्याला भर दुकानात विचारायचा. “लोक तोंड बघून लग्न ठरवतात, आणि हा बघा, पाय बघतोय! तोही पक्ष्याचा!”

आर्व्हिड आमिषाचे पैसे मोजून बाहेर पडायचा. एकदा तो लेम्पीला म्हणालाही, “त्या अभ्यासकांनाच विचारू ना. त्यांच्याकडे सगळ्या कड्यांची नोंद असते.”

“त्यांना कशाला मध्ये आणतोस?” ती एकदम उसळली. “तू दाखवणार होतास.”

पाऊस असो, डास असो, पहाटे ती त्याच्या आधी धक्क्यावर हजर असायची, थरमास आणि पाव घेऊन. या वर्षी मात्र तिचा धीर सुटत चालला होता. “यंदा काहीही कर, पण मिळव,” ती म्हणायची. “आपण काही तरुण होत नाही आहोत.” रुडीची खूण पाहायला ती किती आसुसली आहे, हे बघून आर्व्हिडला दरवेळी आतून तुटल्यासारखं व्हायचं.

आणि आता मादी एका कुशीवर कलली. काळाकुळकुळीत रुंद पाय पाण्यातून वर आला, उन्हात चमकला, फडफडला. डावा. आर्व्हिडकडून कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबलं गेलं.

पाय पंखाखाली गेला. त्याने कॅमेऱ्यातलं चित्र मोठं करून पाहिलं. कडं स्वच्छ दिसत होतं. एकच कडं, पिवळं.

त्याने मान वर केली.

लेम्पी डोळे मिटून बसली होती. वल्ह्यांवरची बोटं पांढरी पडली होती, ओठ हलत होते. रुडीच्या शवपेटीपाशी ती अशीच उभी होती.

आर्व्हिड तिच्याकडे पाहत राहिला. रुडी एकदा गेला तेव्हा तिने कसंबसं सोसलं होतं. आता त्याला दुसऱ्यांदा न्यायचं, तेही आपल्या हाताने, आपल्या शेगडीसाठी? त्याने बटण दाबून चित्र पुसून टाकलं.

“दिसला,” तो म्हणाला. “लाल आणि पांढरं. तीच आहे.”

लेम्पीने डोळे उघडले.

“नीट पाहिलंस?”

“अगदी नीट.”

“फोटो दाखव.”

“हात हलला. पुसट आला म्हणून काढून टाकला. पण डोळ्यांनी पाहिलं ना मी! रुडीचीच आहे ती.” त्याने हसायचा प्रयत्न केला. “चल. तुझ्या धक्क्यावर सोड मला, तिथून मी जाईन घरी.”

तिने वल्ही पाण्यात सोडली, पण मारली नाहीत. दोन्ही लून एकापाठोपाठ एक बुडी मारून गेले. तिने पुढे झुकून त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि नावेच्या तळाशी ठेवून दिला.

“आर्व्हिड,” ती म्हणाली, “तू शेगडीचं विचारायला आलास ना, त्याच्या आदल्याच आठवड्यात ती लाल-पांढरी मला मेलेली सापडली होती. मी माझ्या हातांनी तिला सॉनाच्या न्हाणीघरामागे पुरलं.”