निळं फाटक

"तुम्ही इच्छित स्थळी पोहोचला आहात," असं फोनमधल्या बाईने जाहीर केलं, आणि समोर भिंत होती. एवढं बोलून फोननेही मान टाकली.

पेंटर भिंतीकडे बघत राहिला. तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला राग आला तो याच गोष्टीचा. उभा जन्म त्याने पाट्या रंगवण्यात घालवला होता. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. ज्या जागेला पाटी नाही ती जागा असून नसल्यासारखी, असं त्याचं ठाम मत होतं. आणि या शहरात एका गल्लीला पाटी असेल तर शपथ! सकाळपासून तो चकवा लागल्यासारखा फिरत होता. टाच सोलून निघाली होती आणि हातातली बॅग दर वळणावर जड होत चालली होती.

कोपऱ्यावर सायकलींची पंक्चरं काढणारा बसला होता. पेंटरने त्याला विचारलं, "टाकीमागचं निळ्या फाटकाचं घर कुठे आलं हो?"

"हे काय, सरळ जा. मोठ्या झाडापाशी वळलात की टाकीच."

पेंटर सरळ गेला. झाड काही लागलं नाही. औषधाच्या दुकानात चौकशी केली, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ते झाड होय? ते कधीच पडलं. तुम्ही आत्ता उभे आहात ना, तेच मोठं झाड."

"आणि टाकी?"

"टाकी पाडली. तुम्ही असं करा, पुढे घड्याळापासून डावीकडे वळा."

पेंटरने मान वर करून रस्ताभर नजर फिरवली. "घड्याळ तरी आहे का?"

"होतं."

"अहो, मग एक पाटी लावायला काय होतं तुम्हा लोकांना?"

"पाटी कशाला?" तो माणूस शांतपणे म्हणाला. "आम्हाला ठाऊक आहे की."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नसलेल्या झाडापाशी वळून, नसलेल्या घड्याळाला वळसा घालून पेंटर चालू लागला. खरं तर त्याची चाल मंदावली होती ती टाचेमुळे नाही. घर सापडेना म्हणून तो चिडत होता, आणि सापडलं तर काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

ते घर त्याच्या थोरल्या भावाचं होतं. वडील गेले तेव्हा थोरला वेळेवर पोहोचला नव्हता. चार माणसांत धाकट्याने, म्हणजे पेंटरने, त्याला सुनावलं होतं, "आजपासून मला भाऊ नाही." तेवढ्यावर तो थांबला नाही. दोघांच्या दुकानाच्या पाटीवर 'बंधू' असा शब्द होता. धाकट्याने शिडी लावली आणि पांढऱ्या रंगाने तो बुजवून टाकला. थोरला खाली उभा राहून बघत होता. मग तो बायकोला घेऊन या शहरात आला, त्याने हे घर बांधलं. धाकट्याने ते कधी पाहिलं नाही. इतकी वर्षं ना पत्र, ना फोन. परवा मावसबहीण सहज बोलून गेली की थोरल्याला आता दिसेनासं झालंय, आणि पेंटर जेवण अर्धवट टाकून ताटावरून उठला. थोरल्याने दार लावून घेतलं तर जायला संध्याकाळची गाडी होती. तिचं तिकीट त्याच्या खिशात होतं. तरी बॅगेत त्याने दोन दिवसांचे कपडे भरले होते.

"निळं फाटक? हे काय, हेच की," कुंड्यांना पाणी घालणारी एक बाई म्हणाली.

"बाई, हे हिरवं आहे."

"हो, रंग बदलला त्यांनी. पण निळं फाटक हेच."

पेंटरने आयुष्यात पहिल्यांदाच रंगावरून वाद घातला नाही. त्याने कडेचा रंग नखाने जरासा खरवडला. खाली निळा होता.

दार वहिनीने उघडलं. तिचे केस पार पांढरे झाले होते. तिने त्याला एका नजरेत ओळखलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य पेंटरला आठवेना. तो उंबऱ्याबाहेर बॅग धरून चोरासारखा उभा राहिला.

"कोण आलंय गं?" आतून थोरल्याचा आवाज आला. आवाज तोच होता.

"पाहुणे," एवढंच वहिनी कसंबसं म्हणाली.

"राहणार आहेत का?"

वहिनीने बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. पेंटरने मान खाली घातली.

"राहणार आहेत," ती म्हणाली.

"मग त्यांचं अंथरूण इथे माझ्याजवळ घाल. धाकट्याची खोली देऊ नकोस हं. तो अवचित आला तर पंचाईत नको."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि बोळातलं शेवटचं दार उघडलं. आत खाट होती, खाटेवर धुतलेली चादर होती.

दारावर पाटी नव्हती.