गाव सोडायचं बटण

“आई, बाण दाब. गाव सोडल्याशिवाय गेम पुढे जात नाही,” केतकी तिसऱ्यांदा म्हणाली. दोन वर्षं खपून तिने बनवलेला हा गेम आज पहिल्यांदाच दुसरं कुणी खेळत होतं: तिची आई, शेवंताबाई.

पडद्यावर जग संपलेलं होतं. ओस पडलेलं गाव, उघडी दारं आणि त्यातून एकटीच फिरणारी एक बाई. तिला चालवत शेवंताबाईंनी प्रत्येक घरात डोकावून पाहिलं, पण वेशीपाशी आल्या की त्या माघारी वळत.

“किती उदास केलंयस गं,” त्या म्हणाल्या. “बसायचं बटण कुठलं?”

केतकीने दाखवलं. पडद्यावरची बाई शाळेच्या पायरीवर बसली. लगेच अक्षरं उमटली, ‘इथे आता कुणी नाही. निघा.’

“मी आहे की!” शेवंताबाई पडद्यावर खेकसल्या. “धरणाच्या वेळी साहेबही असंच म्हणाले होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, गपगुमान ट्रकमध्ये चढले. आता नाही उठायची.”

आईचं गाव पाण्याखाली गेलंय, एवढंच केतकीला ठाऊक होतं. आई त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. केतकीने गेम थांबवला आणि ‘निघा’ ही ओळ खोडून टाकली.

“बरं, ती गावातच राहिली,” ती म्हणाली. “मग सगळ्यात आधी काय करेल?”

शेवंताबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“आधी विहीर उपसेल,” त्या म्हणाल्या. “लिही.”