सहभागी क्रमांक पाच

रविवारी दुपारी ठरलेली पाचवी व्यक्ती आली नाही, म्हणून नमितानं वडिलांनाच खुर्चीत बसवलं. ते सकाळी उरणहून ऐरोलीला तिच्या फ्लॅटवर आले होते, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. तिला साठीच्या पुढचं कुणीतरी हवं होतं. ते अडुसष्ट वर्षांचे होते. ॲपही त्यांच्याच वाटेवरचं होतं. उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का, लाँचचं तिकीट. त्या पाण्यावर त्यांनी, बाळारामांनी, तीस वर्षं लाँच चालवली होती.

नमिताचं काम असं, की ॲप लोकांपर्यंत जाण्याआधी ते पाच जणांच्या हातात द्यायचं आणि ते कुठे अडतात हे पाहायचं. तिनं वडिलांना सांगितलं की मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. ती मदत करणार नाही, विचारलं तरी उत्तर देणार नाही.

"मंग तू बसून काय करशील?"

बघणार, असं म्हणून तिनं फोनच्या पडद्याचं आणि आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

मोरा त्यांना लगेच सापडलं. वेळ निवडताना ते थांबले. भरती कवा हाय ते ह्याला इचारायचा नाय का, ओहोटीला लाँच काय चिखलावरून नेनार, असं ते फोनलाच म्हणाले. नमिता हसली नाही. वहीत लिहिलं, 'भरती'.

मग नाव. चष्मा कपाळावर सरकवून, काचेवर बोटानं एकेक अक्षर गिरवत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. रकान्याखाली लाल रेघ आली. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्यांनी अक्षरं अगदी सावकाश काढली, शाळेत पाटीवर काढावीत तशी.

"माजा काय चुकला गो?"

नमिता वहीत बघत राहिली.

"सांग ना."

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

"बरा. मीच बगतो."

अकराव्या मिनिटाला त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. "माजाच नाव मना लिवता येत नाय."

"थँक यू," ती म्हणाली. सगळ्यांना म्हणायची तसंच. आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

चहा पिताना त्यांनी त्याचीच थट्टा केली. बापाला गिऱ्हाईक केलंस, म्हणाले. मग बशीत बघत म्हणाले, "बापूस ढ निगाला तुजा." तीही हसली. कपबशी स्वतः विसळून ते चारच्या बसनं गेले.

सोमवारी सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर, लाँचची वाट पाहणाऱ्यांच्या बाकावर, ते बसल्या जागी गेले.

नावाच्या रकान्यात मराठी अक्षरं चालत नव्हती, एवढंच होतं. अहवालात तो मुद्दा पहिला होता. ॲप बनवणाऱ्यांनी तो आठ दिवसांत दुरुस्त केला.

दिवाळीनंतर कंपनीत प्रशिक्षणाची नवी तुकडी आली. प्रशिक्षण बघणाऱ्या ऋषीनं नमुना म्हणून हेच रेकॉर्डिंग निवडलं होतं. नियमाप्रमाणे त्यातलं नाव तिनंच धूसर केलं होतं. फाइलवर फक्त 'सहभागी क्रमांक पाच' होतं. ऋषी म्हणाला, समोरचा एवढा अडलेला असताना अकरा मिनिटं गप्प राहणं त्याला कधीच जमलं नसतं. कौतुकानं म्हणाला. तो माणूस कोण, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

वर्गात बारा जण होते. तिनं आधी फळ्यावर ते वाक्य लिहिलं, जे प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला सांगायचंच असतं. 'परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. कुठे अडलात तर चूक आमची.' एकेकाकडून ते म्हणून घेतलं, पाठ केल्यासारखं वाटेनासं होईपर्यंत. मग रेकॉर्डिंग लावलं.

भरतीवर सगळे हसले. नावापाशी कुणी हसलं नाही.

हेतल नावाची एक बाई आधी एका दवाखान्याच्या काउंटरवर होती. तिनं हात वर केला. "मॅम, ते फळ्यावरचं वाक्य ह्यात कुठंय?"

"नाहीये."

"कट केलंय?"

"नाही. राहिलं." घरचंच माणूस, म्हणून त्या दिवशी ते सांगायचं नमिताला सुचलंच नव्हतं.

हेतलनं फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. "मग ते काका घरी जाताना काय समजून गेले असतील?"

नमितानं घड्याळ पाहिलं. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. तिनं सुट्टी दिली.

डबे उघडल्याचे आवाज पलीकडच्या खोलीतून यायला लागले, तेव्हा तिनं दार लोटून घेतलं आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा नाव. लाल रेघ. माजा काय चुकला गो?

तिथे तिनं ते थांबवलं. पडद्यावर नावाच्या जागी धूसर पट्टा होता, आणि त्याखाली रेघ तेवढी स्पष्ट. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. शाळेत जायला लागल्यापासून ती वडिलांशीसुद्धा पुस्तकातलंच मराठी बोलत आली होती.

"तुजा काय चुकला नाय, बाबा," ती म्हणाली. "परीक्षा तुजी नवती."