चहावालीची चटई

"मावशी, स्टोव्ह पेटवायचा नाही, नुसतं बसायचं," पर्यटन खात्याच्या मुलीनं बजावलं आणि चटईवर रिकामी किटली मांडली.

शेवंतामावशी बसली. वीस वर्षांपूर्वी गोव्याच्या याच किनाऱ्यावर पोलिसांना चुकवून रेव्ह पार्ट्या व्हायच्या, तेव्हा ती अशीच चटई टाकून नाचणाऱ्यांना चहा विकायची. आता सरकारी महोत्सवात भरदुपारी तोच धडधडता ठेका, वर मंत्र्यांचा फलक आणि तिच्यापुढं पाटी: 'जुन्या पार्टीतली चहावाली'. लोक फोटो काढत होते. हसावं की तोंड लपवावं, तिला कळेना.

तेवढ्यात पोलिसाची शिट्टी वाजली.

मावशीनं किटलीसकट चटई गुंडाळली आणि दुखरे गुडघे विसरून ती माडांच्या आडोशाला पळाली. मागं टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती माडाला टेकून धापा टाकत होती, तोच पोलीस हसत आला. शिट्टी त्यानं गाड्या हटवायला वाजवली होती.

"मावशी, झकास पळालात. पण माझं रेकॉर्डिंग राहिलं," मोबाईल काढत तो म्हणाला. "मी परत शिट्टी वाजवतो, तुम्ही परत पळा."

मावशीनं चटई उराशी घट्ट धरली.

"आणि पकडणार कधी?" तिनं विचारलं.