डावा गाल

खांद आईने लेकाचे मुख दोन्ही तळव्यांत धरले, त्याच्या उजव्या गालाशी नाक टेकवले आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

ओचिर तसाच वाकून उभा राहिला. आता ती म्हणेल, "डावा आलास की," आणि सोडून देईल. गोबी वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीवर नेणाऱ्या विमानाच्या दिवशी, दर महिन्याला, पहाटे हेच होत असे. निघालेल्याच्या एकाच गालाचे अवघ्राण करायचे. दुसरा परतीसाठी राखायचा. एकाचे येणे आणि दुसऱ्याचे वाट पाहणे, दोन्ही त्या राखलेल्या गालाला बांधलेले असते. दोन्ही गाल देऊन निघालेल्याची आणि मागे राहिलेल्याची पुन्हा भेट नाही, असे वडीलधारी माणसे सांगत.

आज तिने काहीच म्हटले नाही. लेकाचे मुख तिने अलगद वळवले आणि डाव्या गालाचाही वास घेतला.

चुलीपाशी सरनाईच्या हातातला चिमटा खाली पडला.

"आई, अहो, हे काय केलंत! हा तर आत्ता..."

ओचिरने बायकोकडे पाहिले. तिने पडलेला चिमटा उचलला.

"आलास बाबा," खांद आई म्हणाली. निघालेल्याच्या वाटेवर शिंपडायला सुनेने भरून ठेवलेला दुधाचा वाडगा तिच्या शेजारी होता. तो उचलून तिने लेकाच्या ओठांना लावला. "पी. लांबून आलायस."

आलेल्यालाही दूधच देतात. ओचिर प्याला.

"यावेळी अंगाला धुळीचा वास नाही तुझ्या. न्हाऊन आलास वाटतं?"

"हो."

"आणि हाडं किती वर आलीत! तिथे काय दगड वाढतात तुला?"

"वाढत कुठले, आई? आपले आपण खणून खायचे."

ती खुदकन हसली. त्या हसण्याने तिला खोकला लागला, आणि तो बराच वेळ थांबेना. ओचिरने तिच्या पाठीवर हात ठेवला. कोटाखालची तिची पाठ पाखराच्या पाठीएवढी लागली. मागल्या खेपेस तो परतला, तेव्हा त्याचे नाव तिला दुसऱ्या दिवशी आठवले होते.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. त्याची पिशवी केव्हाच गाडीत ठेवून झाली होती. विमान चुकले की पाळी जाते, आणि पाळी गेली की नोकरी. शेजारचा पुरेव वर्षभर घरीच बसून होता, तो याच एका चुकीपायी.

"कोण बोंबलतंय सकाळी सकाळी?" खांद आईने विचारले.

ओचिरची दृष्टी त्यांच्या राहत्या तंबूभर फिरली आणि दाराशी ठेवलेल्या निळ्या कॅनवर स्थिरावली. कॅन रिकामा होता.

"पाणी संपलंय, आई. घेऊन येतो."

"मग जा ना. पण तिथे गप्पा ठोकत बसू नकोस. आल्याबरोबर हुंदडायला हवं तुला."

त्याने कॅन उचलला आणि तो बाहेर पडला. उतारावरच्या तंबूंतून कोळशाचा धूर नुकता वर चढू लागला होता. सरनाई मागोमाग धावत आली.

"दे तो इकडे."

"राहू दे."

"राहू दे काय? चौदा दिवस पाणी कशात आणू मी? टोपीत?"

"पुरेवकडून माग. हा निळा कॅन घरात दिसला की मी कुठे आहे ते ती विचारेल. हा घरात नाही, तोवर मी पाण्याच्या रांगेत आहे."

सरनाईने त्याच्या डाव्या गालाकडे पाहिले. "पण तो गाल..." एवढेच ती बोलली.

"तिच्या लेखी मी निघालोच नाही," ओचिर म्हणाला.

पुन्हा भोंगा वाजला.

विमानतळावर सामानाचे वजन करणाऱ्या मुलीने कॅन हलवून पाहिला.

"रिकामाच आहे की! खाणीवर पाणी देत नाहीत का, दादा?"

"देतात."

"मग हा कशाला?"

ओचिरने तिकीट पुढे केले. मुलीने कॅनला चिठ्ठी बांधली.

दुपारी वाळवंटात उतरल्यावर त्याने घरी फोन लावला.

"आईंनी विचारलं," सरनाई म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"रांग फार लांब आहे म्हटलं."

"मग?"

"म्हणाल्या, मधे घुसू नको म्हणावं त्याला. पाणी सगळ्यांनाच हवं असतं. मी बसलेय इथे, असं म्हणाल्या. तेव्हापासून दाराशीच बसल्यात. आत या म्हटलं तर येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओचिर आपल्या टँकरवर चढला. खाणीतल्या रस्त्यांची धूळ बसावी म्हणून दिवसभर त्यांवर पाणी शिंपडीत फिरायचे, हेच त्याचे काम. भरणीच्या जागी जाड नळातून पाणी धबाबा टाकीत कोसळू लागले. त्यांच्या उतारावरच्या साऱ्या घरांना आठवडाभर पुरले असते एवढे.

कॅन त्याच्या शेजारच्या आसनावर, पट्ट्याने बांधलेला होता. नळावरच्या माणसाने खिडकीतून आत डोकावून पाहिले.

"हाही भरून देऊ का?"

"नको," ओचिर म्हणाला. "अजून माझा नंबर आलेला नाही."