लिंबाची फांदी

निवृत्त होऊन नागसेन माकणीला परतला आणि घरामागच्या पडीक जागेत त्यानं खारी-पाखरांसाठी बाग फुलवली. त्यांना पाणी प्यायला गुळगुळीत फरशीचा हौद बांधला. त्याची माय रोज हौदात लिंबाची वाळकी फांदी तिरपी ठेवायची. “राहू दे रं तिथं,” म्हणायची. “किती घाण दिसतंय, माय!” म्हणत तो ती काढून फेकायचा. माय आठवडाभर लोहाऱ्याला लेकीकडं गेली. तिसऱ्या दिवशी हौदात खार तरंगत होती. मायच्या हातातून शेंगा खाणारी, अर्ध्या शेपटीची. फरशीवर तिची नखं कुठंच ठरली नव्हती. नागसेननं तिला जास्वंदीखाली पुरलं, फेकलेली फांदी हुडकून आणली आणि हौदात ठेवली. ‘कुठं गेली, काय की,’ एवढंच मायला सांगायचं त्यानं ठरवलं. माय आली ती मूठभर शेंगा घेऊन थेट बागेत. फांदी दिसताच थबकली. “कोण बुडलं रं?”